घरी कोंबड्या पाळायच्या आहेत? नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबड्या पाळायच्या असे मनात आले की बहुतेकांचे लक्ष आधी पिल्लांकडे जाते. माझे आता आधी दाराच्या कडीकडे जाते. गेल्या बारा वर्षांत ओळखीच्या नवख्यांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. पाच-दहा कोंबड्या घरी, अंड्यांसाठी पाळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. शेकड्यांनी पक्षी ठेवण्याचे गणित वेगळे असते, ते इथे नाही.

आधी पिल्ले आणायची की आधी खुराडे बांधायचे?

आधी खुराडे, तेही कडी-कोयंड्यासकट पूर्ण झालेले. ‘पिल्ले लहान आहेत तोवर हळूहळू बांधू’ असे पुष्कळजण म्हणतात, पण पिल्ले बांधकामापेक्षा वेगाने वाढतात. पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसे येतात आणि ती खोक्यात मावेनाशी होतात.

माझ्या पहिल्या खेपेला सात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या होत्या. दाराची कडी बसवायची राहिली होती, म्हणून दोन रात्री दाराला फळी टेकवून तिच्यावर दगड ठेवला. तिसऱ्या रात्री काय शिरले ते कळले नाही, सकाळी तीनच जिवंत होत्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती तशीच बसून राहते, शत्रू शेजारी येऊन उभा राहिला तरी. रात्रीपुरता तिचा जीव पूर्णपणे आपल्या हातात असतो.

किती कोंबड्यांपासून सुरुवात करावी?

तीनपेक्षा कमी नकोत. कोंबडी कळपात राहणारी आहे. एकटी राहिली की ती घाबरी होते, खाणे कमी करते. आणि दोनच असल्या व त्यातली एक गेली, तर उरलेली एकटी पडते. चार ते सहा हा आकडा मला नवख्यांसाठी योग्य वाटतो. चांगली अंडी देणारी कोंबडी ऐन भरात असताना आठवड्याला पाच-सहा अंडी देते, म्हणजे चार कोंबड्यांची वीसेक अंडी होतात. एवढी अंडी घरात संपतात का, याचा विचार आधीच करा.

अंड्यांसाठी कोंबडा लागतो का?

नाही. कोंबडी कोंबड्याशिवायही तितकीच अंडी देते, फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दोन-तीन कोंबड्यांत एक कोंबडा सोडला तर तो त्यांच्या पाठीवरची पिसे उपटून काढतो.

एक दिवसाची पिल्ले घ्यावीत, तलंगा घ्याव्यात की अंड्यावर आलेल्या कोंबड्या?

पहिल्या वर्षी तलंगा घ्या, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या, चार महिन्यांच्या आसपासच्या माद्या. त्यांना कृत्रिम ऊब लागत नाही, पिल्लांच्या वयातले बरेच धोके मागे पडलेले असतात आणि महिना-दोन महिन्यांत अंडी सुरू होतात. पिल्लांमध्ये आणखी एक अडचण असते: नर कोण, मादी कोण हे बहुतेक जातींत पहिल्या दिवशी साध्या नजरेला ओळखता येत नाही. काही संकरांत मात्र नर-मादी पिल्लांचा रंगच वेगळा असतो, ती घेतली तर हा प्रश्न मिटतो.

मोठ्या कोंबड्या स्वस्तात मिळत असतील तर विकणारा त्या का काढतोय, हे जरूर विचारा. बहुधा त्या दोन वर्षांच्या पुढे गेलेल्या असतात.

जात कोणती निवडावी?

भरपूर अंडी हवी असतील तर व्हाइट लेगहॉर्न: अंगाने हलकी, खाणे कमी, पांढरी अंडी. पण बिचकणारी, उडून कुंपणावर बसणारी. ऱ्होड आयलंड रेड अंगाने भारी, स्वभावाने शांत, काटक, अंडी तपकिरी. मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणारी हवी असेल तर सिल्की, मात्र ती सारखी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, आणि अंडी लहान देते. पिल्ले कोंबडीखालीच उबवायची असतील तर हाच तिचा गुण ठरतो.

तुमच्याकडच्या हवेत पिढ्यानपिढ्या टिकलेल्या गावठी कोंबड्या अंडी कमी देतात, पण आपले अन्न शोधण्यात, शत्रू ओळखण्यात आणि पिल्ले सांभाळण्यात त्यांचा हात धरणारी दुसरी नाही. मोकळ्यावर सोडायच्या असतील तर मी त्यांनाच पसंती देते.

पिल्ले आणलीच, तर ऊब किती आणि कशी द्यायची?

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचे, अंगभर पिसे येईपर्यंत. दिवा किंवा हीटर ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायच्या बंदिस्त जागेच्या, एका बाजूला लावा, मधोमध नको. एक बाजू गरम आणि दुसरी गार राहिली की पिल्लांना हवी ती जागा निवडता येते.

थर्मामीटर लावा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. दिव्यापासून लांब पळून, पंख सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतेय. सगळीकडे पसरून खात, झोपत असतील तर ठीक चालले आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. ब्रूडर गोल ठेवा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले गर्दी करतात आणि खालची गुदमरून मरतात.

दिवा नुसत्या चिमट्यावर कधीही लटकवू नका, साखळीने वेगळा बांधा. तुसात पडलेल्या दिव्याने आग लागते.

जमिनीवर गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा पसरा. पाण्याचे भांडे उथळ असू द्या आणि पहिले काही दिवस त्यात स्वच्छ खडे टाका, कारण इवलेसे पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते. ब्रूडरमध्ये सोडताना प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, मग ते स्वतः प्यायला शिकते. अंड्यातून निघण्यापूर्वी पिल्लाने बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्याच्या जोरावर ते दोन दिवस निभावते, म्हणूनच त्या वयाची पिल्ले प्रवासात टिकतात.

रोज प्रत्येकाची पाठची बाजू बघा. विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या कापडाने मऊ करून हळूच काढा. ओढू नका, कातडी सोलते.

खुराडे नेमके कसे असावे?

चार गोष्टी सांभाळा: जागा, जाळी, वारा, कोरडेपणा.

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक कोंबडीला ३ ते ४ चौरस फूट आणि दिवसा फिरायच्या बंदिस्त अंगणात निदान ८ ते १० चौरस फूट जागा हवी. यात काटकसर केली की पुढे चोचा मारणे, पिसे उपटणे सुरू होते.

षट्कोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, भोकातून पंजा आत घालून मांजर डोके पकडते. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची जाळी लावा आणि तळाशी फूटभर जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून दगडांनी दाबा, म्हणजे उकरून शिरता येत नाही. घूस आणि साप अंड्यांवर येतात, तेव्हा बोट जाईल एवढी फटही बुजवा. दिवसा घारीसाठी वरूनही जाळी हवी.

नवखे लोक थंडीच्या भीतीने खुराडे डब्यासारखे बंद करतात. यातून होणारे नुकसान थंडीपेक्षा मोठे असते. विष्ठेतून अमोनिया निघतो, श्वासातून वाफ निघते, दोन्ही कोंडले की डोळे सुजतात आणि श्वासाचे आजार होतात. झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते आणि वारा थेट अंगावर येत नाही. स्वतः खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घेऊन बघा. नाकाला झोंबले तर झरोके वाढवा.

बसायच्या दांड्या अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हव्यात. कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा झाडावर झोपायचा, सगळ्यात उंच जागा शोधायची खोड अजून तशीच आहे. खोके उंच असले तर त्या त्यातच झोपून घाण करतील. दर कोंबडीमागे ८-१० इंच दांडी आणि चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद एक खोके पुरे.

जमिनीवर काय पसरावे?

तूस, लाकडाचा भुसा, वाळलेला पालापाचोळा, काहीही कोरडे चालते. गादी पद्धत केली, म्हणजे रोज न काढता जाड थर तसाच ठेवला, तर तो चार-सहा इंचांचा ठेवा आणि आठवड्यातून एक-दोनदा खालीवर करा. मूठभर गादी हातात घेऊन दाबा. मूठ सोडल्यावर ती सुटी झाली तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल झाली. ओली गादी लगेच काढून टाका. रक्ती हगवणीचे जंतू तिथेच वाढतात आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत मोठी मरतूक होते.

खायला काय द्यावे? नुसते धान्य पुरते का?

नुसत्या धान्यावर कोंबडी जगते, पण अंडी देत नाही. धान्यात प्रथिने कमी आणि कॅल्शियम तर नावालाच असते. वयानुसार तीन खाद्ये असतात. पहिले सहा-आठ आठवडे स्टार्टर, त्यात प्रथिने १८ ते २० टक्के. मग अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर. आणि अंडी सुरू झाली की लेअर, त्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के. लेअर खाद्य लहान पिल्लांना देऊ नका, एवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे खराब होतात.

मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला गरज असते ती बरोबर जाऊन खाते. अंड्याचे कवच बहुतांशी रात्री तयार होते आणि एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते, त्यामुळे झोपण्याआधी हा चुरा समोर असला की उपयोगी पडतो.

कोंबडीला दात नाहीत, दाणे तिच्या पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत खड्यांच्या मदतीने दळले जातात. मोकळ्यावर फिरणारी खडे स्वतः टिपते. कायम बंदिस्त ठेवत असाल तर बारीक खडे द्यावे लागतात.

स्वयंपाकघरातले उरलेले अन्न चालते का?

चालते, पण दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको आणि तेही दुपारनंतर, खाद्याने पोट भरल्यावर. पालेभाज्यांची देठे, फळांच्या फोडी, शिजलेला भात आवडीने खातात. बुरशी आलेले काहीही, खारट पदार्थ, अॅव्होकॅडो, चॉकलेट, हिरवा पडलेला बटाटा आणि न शिजवलेला राजमा देऊ नका.

पाणी किती लागते?

एका कोंबडीला पाव लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात दुप्पट. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग गार करते, त्यात पाणी झपाट्याने जाते. भर उन्हात काही तास भांडे रिकामे राहिले तर त्याचा परिणाम पुढे कित्येक दिवस अंड्यांवर दिसतो. भांडे सावलीत आणि कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, म्हणजे त्यात तूस आणि विष्ठा पडत नाही.

पहिले अंडे कधी मिळेल?

हलक्या जाती १८ ते २० आठवड्यांत, भारी आणि गावठी जाती सहा महिन्यांपर्यंत किंवा त्याही पुढे. तुरा लालभडक झाला, खोक्यात डोकावू लागली आणि पाठीला हात लावताच दबून बसू लागली की दिवस जवळ आले. सुरुवातीची अंडी लहान, कधी बलकाशिवाय, कधी दोन बलकांची असतात. महिन्याभरात आकार बसतो.

रोज एक अंडे का मिळत नाही?

कारण एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि दुपार उलटली की कोंबडी एक दिवस सुट्टी घेते.

अंडी अचानक थांबली. काय बिघडले?

बहुधा काहीच नाही. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. दुसरे कारण पिसे झडणे. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. पिसे प्रथिनांचीच बनलेली असतात, त्यामुळे ते दोन-तीन महिने शरीर अंडी बाजूला ठेवते. त्या काळात ती विद्रूप दिसते, लोक घाबरून औषधे देतात. औषध नको, खाद्यातली प्रथिने थोडी वाढवा.

याशिवाय भीती, जागाबदल, पाण्याची आबाळ, उवा-पिसवा. आणि कधी कधी अंडी थांबलेलीच नसतात, कोंबडी झुडपाखाली लपवून घालत असते. दोन-तीन दिवस सकाळी उशिरा बाहेर सोडा, उत्तर मिळेल.

कोंबडी खोक्यातून उठतच नाही, हात लावला की फुगते आणि चोच मारते.

खुडूक झाली. तिला अंडी उबवायची आहेत. फलित अंडी असतील तर बसू द्या, २१ दिवसांनी पिल्ले निघतील. नसतील तर तिला तीन-चार दिवस खालून हवा लागणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात, खाणे-पाणी देऊन ठेवा. पोट गार पडले की खूळ उतरते. पाण्यात बुडवण्याचा उपाय सांगणारे भेटतील, तो करू नका. त्यात कोंबडीचे हाल होतात.

त्या एकमेकींना चोचा मारतात. भांडण सोडवावे का?

थोडे टोचणे हे त्यांचे समाजजीवन आहे. कोण आधी खाणार, कोण वरच्या दांडीवर बसणार याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थॉरलीफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्या पाहून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा शास्त्रीय रीतीने मांडली. नवी कोंबडी आली की ही उतरंड पुन्हा ठरते. म्हणून नव्या कोंबड्या आधी महिनाभर पूर्ण वेगळ्या ठेवा, मग आठवडाभर जाळीपलीकडून दिसतील अशा, आणि मग संध्याकाळी एकत्र करा. एकटी नवी कोंबडी कधीच सोडू नका, निदान दोघी हव्यात. खाद्य-पाण्याची भांडीही वाढवा.

रक्त निघाले तर मात्र लगेच वेगळी करा. लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात आणि काही तासांत जीव जातो.

लसी खरेच लागतात का?

लागतात. मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात, ती घरात शिरली तर बिनलसीचा अख्खा कळप काही दिवसांत झोपतो आणि तिच्यावर औषध नाही. पहिली मात्रा साधारण पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात, पुढे ती पुन्हा द्यावी लागते. मरेक या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी, उबवणी केंद्रातच टोचलेली असावी, पिल्ले घेताना हे विचारून घ्या. गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी पुढच्या आठवड्यांत येतात. नेमके वेळापत्रक तुमच्या भागातल्या पशुवैद्याकडून लिहून घ्या, कारण तिथे कोणता रोग फिरतोय त्यावर ते ठरते. लसीची कुपी बर्फात आणा. उन्हात राहिलेली लस म्हणजे नुसते पाणी.

आजारी कोंबडी कशी ओळखू?

कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते, कारण कळपातली दुबळी आधी शिकार होते. म्हणून सकाळी दार उघडल्यावर पाच मिनिटे तिथेच उभे राहा. सगळ्या खाण्याकडे धावतात का? मागे कोण राहिली? तुरा फिकट किंवा जांभळट, पिसे फुगवून कोपऱ्यात उभी, शेपटी खाली, श्वासाला घरघर, विष्ठेत रक्त: यातले काहीही दिसले की आधी वेगळी करा, मग पशुवैद्याला विचारा. रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या फटीही बघा. रक्त पिणारे तांबडे माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, दिवसा तिथे लपतात आणि रात्री बाहेर येतात. कोरडी माती आणि राखेचा खड्डा करून दिला तर धुळीत लोळून कोंबड्या अंगावरचे किडे बरेच कमी करतात.

एकाएकी अनेक मेल्या तर बर्ड फ्लूची शक्यता धरा. मेलेल्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, कापू नका, खाऊ नका आणि पशुवैद्यकीय खात्याला लगेच कळवा.

घरातल्यांना काही धोका?

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्ले तोंडाजवळ नेऊ देऊ नका. खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवा.

अंडी धुवावीत का?

स्वच्छ अंडे धुऊ नका. त्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो जंतूंना अडवतो. थोडे मळले असेल तर कोरड्या कापडाने पुसा. धुवायचेच झाले तर अंड्याहून गरम पाण्याने धुऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवा. गार पाण्याने अंड्याच्या आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून घाण आत ओढली जाते.

विष्ठा थेट झाडांना घालता येते का?

ताजी नको, तिच्यातल्या नत्राने मुळे जळतात. गादीसकट चार-सहा महिने कुजवा, मग उत्तम खत होते.

अंडी देणे थांबलेल्या कोंबडीचे काय करायचे?

हे पिल्ले आणण्याआधी घरात बसून ठरवा. दुसऱ्या वर्षानंतर अंडी कमी होत जातात, पण कोंबडी पाच ते आठ वर्षे, कधी त्याहून जास्त जगते. कापायची की ठेवायची, कापायची तर कोण कापणार, मुलांना काय सांगणार, हे आधी ठरले नाही तर पुढे घरात सगळ्यांनाच त्रास होतो. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात.

मी ठेवते. नव्या तलंगांना पहिले काही दिवस संध्याकाळी आत कसे जायचे ते कळत नाही, त्या दाराबाहेर घुटमळतात. माझ्याकडे आठ वर्षांची एक तांबडी कोंबडी आहे. ती उजेड कमी होताच फळीवरून चढून आत जाते, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. शेवटचे अंडे देऊन तिला दोन वर्षे झाली. ती आत गेली की मी मोजते आणि कडी लावते.